पाटण्याचा मठ

चाळीसगावहून पाटणादेवीकडे निघालं की कपाशीची शेतं मागे पडतात आणि सातमाळ्याचे डोंगर जवळ येऊ लागतात. पुढे गौताळ्याचं जंगल, डोंगरी नदी आणि चंडिकेचं हेमाडपंती देऊळ. इथली शांतता पाहून वाटतं, मठ असावा तर अशाच ठिकाणी.

मठ इथे खरोखरच होता. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रहगणिताच्या ग्रंथाचं अध्ययन चालत राहावं म्हणून त्याने तो स्थापला. इथल्या निकुंभ राजघराण्यातल्या सोइदेवाने शके 1128 मध्ये, म्हणजे 1207 साली, चंद्रग्रहणाच्या पर्वावर या मठाला दान दिलं. जिथे ग्रहणाचं गणित शिकवलं जाणार, त्या जागेला ग्रहणातलंच दान! हा योग मला फार मोलाचा वाटतो. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या इथल्या शिलालेखात हे सारं नोंदलेलं आहे.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांचा. पण देणग्यांचा तपशील आला की तो मराठीत उतरतो. पाटण्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला; तेल्यांच्या घाण्यांवरून पळीने मोजून तेल मठाला. म्हणजे आज रान झालेलं हे पाटणं तेव्हा नांदती पेठ होती. मठ जंगलात नव्हता, जंगल नंतर आलं.

मठ चालवण्याची दुसरी एक रीत पाहा. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत मठवासीयांचा दिवस प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांत वाटून दिला. त्या नियमाने चालणारा एक मठ 1964 पासून अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात आहे. तिथे जगापासून दूर जायचं, पण पोट स्वतःच्या कष्टावर भरायचं. पाटण्याची रीत निराळी होती. इथे अभ्यासाचा भार गावाने उचलला. घाण्यावर घाम गाळणाऱ्याने ‘सिद्धान्तशिरोमणी’चं पान उलटलं नसेल, तरी ग्रहगणिताच्या पाठांतराला त्याचं तेल लागत होतं. विद्येला एकांत हवा, हे आपण सहज बोलून जातो. मला मात्र त्या पळीचा हिशेब अधिक पटतो. तो दगडावर कोरून ठेवणाऱ्यांनी तेल्याचं देणं राजाच्या दानाच्याच शिळेवर मांडलं, त्याला वेगळी शिळा शोधली नाही.