मुदत

मुदत ठेवीचा अर्ज भरताना आपण व्याजदराच्या रकान्याशी रेंगाळतो, वारसाच्या नावाचे स्पेलिंग दोनदा पाहतो, आणि मुदतीच्या रकान्यापाशी आलो की 'एक वर्ष घाला' असे सांगून मोकळे होतो. वास्तविक त्या सबंध कागदावर सर्वांत खोल प्रश्न तेवढाच एक असतो, की हा पैसा तुम्हाला परत केव्हा लागणार आहे? बचत करावी हा निश्चय आपणा सर्वांचा झालेलाच आहे, तेव्हा त्याविषयी बोलायला नको. आज आपण सारे जिज्ञासू या एका शब्दापाशी स्वस्थ बसू, कारण चक्रवाढ, जोखीम, तरलता, महागाई हे जे शब्द नवख्याला भेडसावतात, ते सगळे मुदतीचा हात धरूनच उलगडत जातात.

चक्रवाढ म्हणजे व्याजावर व्याज, हे शाळेतच शिकून झाले. पण तिचे खरे रूप मुदत लांबल्याखेरीज दिसत नाही. १ लाख रुपये दरसाल ७ टक्के चक्रवाढीने ठेवले, तर दहा वर्षांनी त्यांचे सुमारे १ लाख ९७ हजार होतात, वीस वर्षांनी ३ लाख ८७ हजार, आणि तीस वर्षांनी ७ लाख ६१ हजार. मुद्दल तेच, दर तोच, तरी पहिल्या दशकाने ९७ हजारांची भर घातली आणि तिसऱ्याने पावणेचार लाखांची. ज्याने बाविसाव्या वर्षी थोडके बाजूला काढले, त्याच्या पदरी बेचाळिसाव्या वर्षी पुष्कळ काढणाऱ्याइतके पडू शकते ते यामुळेच.

हीच मुदत कर्जदाराच्या बाजूने पाहावी, म्हणजे तिची दुसरी धार कळते. ३० लाखांचे गृहकर्ज ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६ हजार ९९२ रुपये बसतो; पहिल्या हप्त्यातले २२ हजार ५०० व्याजात जातात आणि मुद्दलाच्या वाट्याला जेमतेम साडेचार हजार येतात, म्हणून दोन-तीन वर्षे इमानाने हप्ते भरूनही बाकी हललेली दिसत नाही आणि माणूस हवालदिल होतो. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता ३० हजार ४२८ होतो, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांहूनही थोडा कमी असा जादा भार. पण एकूण भरणा ६४ लाख ७८ हजारांवरून ५४ लाख ७७ हजारांवर उतरतो. दहा लाखांचा हा फरक पाच वर्षांच्या मुदतीचा आहे. दर पाव टक्क्याने कमी करून घेण्यासाठी चार बँका पालथ्या घालणारी माणसे हा हिशेब मात्र क्वचित मांडतात.

आता जोखीम. शेअर बाजार धोक्याचा की सुरक्षित, हा प्रश्न मुदतीवाचून अपुराच राहतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांपर्यंत चढला होता आणि मार्च २००९ मध्ये तो साडेआठ हजारांच्याही खाली होता. ज्याला नेमकी त्याच मार्चमध्ये मुलीची फी भरायची होती, त्याच्या लेखी तो बाजार विनाशकच होता, तर ज्याला पैसा लागणार नव्हता त्याला नोव्हेंबर २०१० मध्ये तोच एकवीस हजारांचा आकडा पुन्हा दिसला. परंतु येथे थांबून एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. २०१८ च्या आरंभी सेन्सेक्स ३५ हजारांच्या आसपास होता. दहा वर्षांत एकविसाचे पस्तीस हा काही डोळे दिपवणारा परतावा नव्हे, त्या काळातल्या चांगल्या मुदत ठेवीनेही त्याहून अधिक दिले असते. दीर्घ मुदत पडझडीतून सावरायला अवसर देते, नफ्याची हमी ती देत नाही, आणि आरंभ शिखरावर झाला असेल तर दशकही तोकडे पडते. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची, म्हणजे एसआयपीची, पद्धत याचसाठी आहे: तिच्यात प्रत्येक हप्त्याची मुदत निरनिराळ्या दिवशी सुरू होते, काही हप्ते शिखरावर लागतात तसे काही दरीतही लागतात.

मग सारेच पैसे लांब मुदतीला बांधावेत काय? आजारपण आणि गेलेली नोकरी मुदत विचारून येत नाहीत. म्हणून पाच-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी, बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत असावा. हवा तेव्हा, फारशी तूट न सोसता पैसा हाती येणे, एवढाच तरलतेचा अर्थ. उलट अंगाने, वीस वर्षांनी लागणारा पैसा बचत खात्यात निजवून ठेवणे ही सुरक्षितता केवळ दिसायला असते, कारण महागाई ६ टक्के राहिली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. अशा लांब पल्ल्याच्या पैशासाठी असलेल्या पीपीएफची, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची, मुदत पंधरा वर्षांची म्हणतात, पण ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले ते वर्ष तीत धरत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये उघडलेले खाते ३१ मार्च २०४१ ला पिकते. तेथे तर महिन्यातले दिवसही मोजले जातात: पाच तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही.

आणि मुदत संपल्यावर? ठेवीची पावती कपाटातल्या पिशवीत राहिली, नूतनीकरणाची सूचना दिलेली नसली, तर बँक त्या पुढच्या काळासाठी बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांतला जो कमी तो लावते. दहा वर्षे कोणीच फिरकले नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. असे बेवारस पैसे शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे पोर्टलही काढले आहे. तेथे वडिलांचे किंवा आजीचे नाव सापडले, तर वारसांनी कागदपत्रे घेऊन मूळ बँकेकडेच जायचे असते, आणि या मागणीला मात्र कोणतीही मुदत नाही.