वाघिणीची हिंसा आणि माणसाचे ओझे

वाघिणीने पिलांसाठी हरिण मारले तर तिला पाप लागते काय, असा प्रश्न कळंब-राळेगावकडे कीर्तनानंतर आम्हांस हटकून विचारतात. उत्तर सोपे आहे. पशुदेह ही भोगयोनी. तेथे विधी नाही, निषेध नाही. मग पाप तरी कसले? पण एवढेच ऐकून श्रोता उठला तर त्याच्या पदरी काही पडले नाही, असे आम्ही समजतो.

आधी ती माउली करते काय ते पाहा. पिले मिटल्या डोळ्यांनी जन्मतात. त्यांना झुडपात दडवून ती एकटीच निघते. शिकारीत बाप वाटेकरी नाही. फार दूर जाता येत नाही, दूध पाजायला परतायचे असते. दहा-वीस झडपांत एखादीच साधते. (आम्ही मात्र एकादशीचा फराळ घटकाभर लांबला की कासावीस!) दोनेक महिन्यांनी पिले मांस चाखू लागतात. मग ती त्यांना शिकारीपाशी नेते, कधी अर्धमेले जनावर पुढे टाकते. दबा किती धरायचा, नरडे कुठे पकडायचे, हे दीड-दोन वर्षे शिकवावे लागते. वाघाच्या पोटी आला म्हणून कोणी आयता वाघ होत नाही.

आता खरी अडचण. आपल्याच जिल्ह्यातली अवनी, वनखात्याची टी-१. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. ढोरे चारणारी, वावरात राबणारी माणसे ती. त्यांच्याही घरी पोरे होतीच. त्या घरच्या बाईपुढे भोगयोनीचा सिद्धांत मांडायला आमची जीभ रेटत नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात अवनीला गोळी घातली, तेव्हा आसपास फटाके वाजले. भ्यालेल्या माणसांना आम्ही नावे ठेवणार नाही.

परंतु शब्द नीट वापरावा. शिक्षा अपराध्याला असते, आणि वाघीण अपराधी नव्हे हे वर ठरलेच. तेव्हा ती शिक्षा नव्हती, सूडही नव्हता. फार तर राखण होती. आणि राखण माणसाने, कर्मयोनीतल्या जिवाने, पत्करली की तिचे मागचे ओझेही त्याच्याच डोक्यावर येते.

ते ओझे म्हणजे सुमारे दहा महिन्यांची दोन पिले. त्यांचे शिक्षण निम्म्यावर राहिले. मादी पिलू त्याच डिसेंबरात पकडून पेंचला नेले, दोन वर्षांहून अधिक कुंपणात सांभाळले, मार्च २०२१ मध्ये रानात सोडले. थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीच्या जखमांनी ते गेले. नर पिलू हाती लागलेच नाही.