नावे कुणाच्या, जमा कुणाच्या?

महिन्याची पाच तारीख उजाडली की आमचा केबलवाला दारात हजर. इतकी नियमितता आमच्या बँकेच्या कर्जदारांनी दाखवली असती, तर आम्हाला बोनससुद्धा वेळेवर मिळाला असता.

परवा मी त्याला अडवलं. म्हटलं, "बाबा रे, एवढे पैसे भरून वर जाहिराती का बघायच्या?"

"साहेब, जाहिराती फुकट आहेत. त्यांचे मी वेगळे लावलेले नाहीत!"

मी कॉमर्सचा पदवीधर असूनही निरुत्तर झालो.

तसं हे दुखणं जुनंच. आमच्या वडिलांच्या वेळी दूरदर्शनला लायसन असे. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा. १९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, पण लायसन गेलं ते १९८५ च्या सुमाराला. म्हणजे मधली वर्षं प्रेक्षक दोन्हीकडून देत होता, आणि तेही एकाच वाहिनीसाठी! २०१९ च्या फेब्रुवारीत नवे दर आले, तेव्हा नुसत्या जोडणीचेच १३० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे झाले. पैशाच्या वाहिन्या आणखी वेगळ्या.

मी रीतसर हिशेब मांडला. वर्गणी आपल्या नावे. साबणाच्या किमतीत त्याच्या जाहिरातीचा खर्च असतो, तोही आपल्याच नावे. राहिला वेळ. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटं, दहा जाहिरातींची आणि दोन वाहिनीच्या आत्मस्तुतीची. रोज दोन तास टीव्ही पाहिला तर महिन्याचे बारा तास होतात. हे बारा तास वाहिनी विकते आणि पैसे तिच्या जमा होतात. आपल्या वहीत त्यांची नोंदच नाही.

"पेपरात नसतात जाहिराती? त्याचे पैसे देताच की," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता. जाहिराती नसत्या तर पेपर परवडलाच नसता. म्हणजे दोन्हीकडून घेणं हे काही पाप नव्हे. जाहिरातीमुळे आपलं बिल खरोखर कमी होत असेल, तर तो सरळ व्यवहार झाला. पण पेपरातली जाहिरात आपल्यासाठी थांबते, टीव्हीवर आपण तिच्यासाठी थांबतो. पान उलटता येतं. वाहिनी बदलावी, तर तिथेही तोच साबण!

पैसे भरलेल्या माणसाला न विचारता थांबवून ठेवणं, हा खरा अन्याय. एवढा निष्कर्ष काढून मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक पेन्शनर आजोबा पासबुक भरून घ्यायला आले. आम्हाला वरून विम्याचं टार्गेट आहे. त्यांचं पासबुक हातात धरून मी सवयीने सुरू केलं, "आजोबा, एक फार छान योजना आली आहे..."

आजोबा काठीवर भार देऊन उभे होते. पाच मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "बाळ, पासबुक भर आधी. जाहिरात मग दाखव."

कान चांगलेच गरम झाले. हे आजोबा बँकेला एसेमेसचे पैसे देतात, त्यांच्या ठेवीवर बँक चालते, आणि पासबुक हातात अडकवून त्यांचा वेळ मी विकत होतो. वाहिनीच्या हातात निदान माणसाचं पासबुक तरी नसतं.

हल्ली मी पासबुक आधी भरून हातात देतो. मग विचारतो, "दोन मिनिटं आहेत का?" काल आजोबा पुन्हा आले होते. ते म्हणाले, "नाहीत," आणि हसत निघून गेले.

मला फार बरं वाटलं. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.