पूर्ण झालेले पारायण

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की गावोगावच्या दत्तमंदिरांत सप्ताहाची तयारी सुरू होते. पहाटेची थंडी, समईचा उजेड, पाटावर उघडलेली पोथी. एवढे लिहिले तरी तुमच्यापैकी पुष्कळांना आपला पाट आणि आपली पोथी आठवेल. मलाही आठवते. पण माझ्या आठवणीबरोबर आणखी एक गोष्ट येते आणि ती मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही. "उपासनेविषयी काहीतरी लिहा," असे या अंकासाठी सांगणे आले, तेव्हा वाटले, सत्तरी उलटली, आता सांगून टाकावे.

१९८४ साली मी एका उपासना मंडळात गेलो. मंडळाचे नाव लिहीत नाही, लिहायचे कारणही नाही. नियम कडक होते. अंघोळीनंतर चौदावा आणि अठरावा अध्याय वाचल्याशिवाय चहा नाही. कांदा-लसूण नाही, बाहेरचे खाणे नाही. दर गुरुवारी हजेरी, आणि ती वहीत लिहिली जायची. दुसऱ्या कोणाच्या सत्संगाला जायचे नाही. सप्ताहात सोवळे, एकभुक्त, चटईवर डाव्या कुशीवर झोपणे, आणि सात दिवस गावाची वेस ओलांडायची नाही.

आज मागे वळून या सगळ्याची थट्टा करणे सोपे आहे. मी करणार नाही. मंडळात गेलो तेव्हा मला तंबाखूचे व्यसन होते आणि डोक्यावर कर्ज होते. दोन्ही सुटले. सौभाग्यवतीचे ऑपरेशन झाले तेव्हा पंधरा दिवस मंडळातल्या घरांतून डबा आला, एक दिवस चुकला नाही. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला नातेवाइकांच्या आधी ही माणसे उभी होती. हे मी विसरलो तर माझ्यासारखा कृतघ्न मीच.

१९९९ च्या दत्तजयंतीचा सप्ताह. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्यांच्या घरी मिरजेहून फोन आला. थोरला भाऊ, आमचा दादा, दवाखान्यात होता. वहिनी बोलत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी तुमचं नाव घेतलं. जमलं तर या." आमच्या गावाहून मिरज म्हणजे एस.टी.ने दीड तासाचा रस्ता.

मी मंडळातल्या वडीलधाऱ्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, "संकल्प सोडलेला आहे. आता मध्ये उठायचं नाही. तिकडचं महाराज बघतील."

मी उठलो नाही. सात दिवस पुरे केले, आठव्या दिवशी मिरजेला गेलो. दादाच्या तोंडात नळी होती, बोलणे बंद झालेले होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. सुतक फिटल्यावर पहिल्या गुरुवारी मंडळात माझे उदाहरण सांगितले गेले. सख्खा भाऊ अत्यवस्थ असताना पारायण मोडले नाही, याला निष्ठा म्हणतात! चार जणांनी वाकून नमस्कार केला. मी तो घेतला. त्या रात्री जेवण गेले नाही.

मी मंडळ सोडले, असे म्हणणे खरे नाही. भांडण झाले नाही, चिठ्ठी दिली नाही. एक गुरुवार सर्दी होती म्हणून चुकला, एक लग्न होते म्हणून, पुढचा काही कारण नसताना. असे करत करत २००३ साली वहीतून माझे नाव निघाले. भांडण झाले असते तर बरे झाले असते असे नंतर वाटायचे. भांडणाला दिवस असतो, तारीख असते. झिजत झिजत सुटलेल्या गोष्टीला तसे काही नसते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते ज्याच्यावर आले त्यालाच कळेल. पहिली गोष्ट म्हणजे गुरुवारची संध्याकाळ. सहा ते नऊ करायचे काय? मी खोलीतून खोलीत फिरायचो. सौभाग्यवती म्हणायची, "अहो, टेका की जरा कुठंतरी. जीव दमला बघून." दुसरी गोष्ट म्हणजे माणसे. एकोणीस वर्षे ज्यांच्या घरी पाय धुऊन गेलो, ते बाजारात दिसले की भाजीकडे बघायचे. वाईट बोलायचे नाहीत, पण थांबायचेही नाहीत. आणि तिसरी गोष्ट भीती. २००४ साली सौभाग्यवती मोरीत घसरली आणि मनगट मोडले. बघायला आलेल्या एकाने हळूच विचारले, "पोथी बंद आहे का हल्ली?" मी त्याला हसून चहा दिला. पण त्या रात्री अंधारात पडल्या पडल्या मला ते खरे वाटले. गुरूचा कोप झाला असेच वाटले. नियम सुटले तरी भीती सुटत नाही, ती मागे राहते.

एका निवृत्त शिक्षक मित्राने माझी समजूत काढायचा प्रयत्न केला. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत एक कुमारिका आहे. घरी पाहुणे आलेले, ती आत साळी कांडते आहे, हातातल्या बांगड्या वाजतात. ती एकेक काढत जाते, दोन राहिल्या तरी वाजतात, शेवटी एकेकच ठेवते तेव्हा आवाज थांबतो. मित्र म्हणाला, "बघा, अवधूतच सांगतो, एकटं राहावं. तुम्ही योग्य तेच केलंत." मला बरे वाटले, पण पटले नाही. अवधूताला घर नव्हते. मी संसारी माणूस. आणि माझ्या हातातल्या बांगड्या मी शांतीसाठी काढल्या नव्हत्या.

मग मी राग धरला. मंडळावर, काकांवर. पुष्कळ वर्षे धरला. त्यांनी मला दादापाशी जाऊ दिले नाही, असे मी स्वतःला सांगायचो आणि मन हलके करून घ्यायचो.

२०११ च्या चातुर्मासात एके दिवशी कपाट आवरताना पोथी हाती आली. लाल फडके सोडले आणि चौदावा अध्याय उघडला. जो मी हजारो वेळा वाचला होता, तो त्या दिवशी पहिल्यांदा वाचला म्हणा. तुम्हाला कथा ठाऊकच आहे. सायंदेवाला क्रूर यवन अधिपतीने बोलावले आहे. तिथे जाणे म्हणजे जिवाशी गाठ. तो श्रीगुरूंपाशी येऊन रडतो. श्रीगुरू त्याला काय सांगतात? माझ्यापाशी बसून राहा, असे सांगत नाहीत. निर्भयपणे जा म्हणतात, आणि तू परत येईपर्यंत मी इथेच आहे असे आश्वासन देतात. सायंदेव उठतो आणि जातो. श्रीगुरू थांबतात.

सप्ताहाच्या वाटणीत हा अध्याय दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे ज्या सकाळी मी हा अध्याय वाचला, त्याच दुपारी वहिनींचा फोन आला. जा असे सांगणारी पोथी समोर होती, आणि मी तिच्यासमोरून उठायचे नाही म्हणून बसून राहिलो.

असे का झाले? इथे मला खरे लिहिलेच पाहिजे. दादाची आणि माझी वडिलोपार्जित दीड एकरावरून तेढ होती. दोन वर्षे आम्ही धड बोललो नव्हतो. वाटणीत मी हट्टाने विहिरीकडची बाजू घेतली होती, ते बरोबर नव्हते हे मला माहीत होते. त्याने नाव घेतले म्हणजे त्याला काहीतरी बोलायचे असणार, आणि ते ऐकायची माझी छाती नव्हती. काकांकडे मी परवानगी मागायला गेलो, असे इतकी वर्षे समजत होतो. मी नकार मागायला गेलो होतो. त्यांनी "जा" म्हटले असते तर मला जावे लागले असते.

नियम कडक होता हे खरे, पण मला नियमाने अडवले नाही. मी नियमाच्या आड लपलो. आणि मंडळाची चूक असेल तर एवढीच की त्यांनी माझ्या भित्रेपणाला निष्ठा हे नाव दिले. मी ते घेतले, कारण ते नाव चांगले होते.

मग प्रश्न उरतो की कडक नियम वाईट का? मला तसे वाटत नाही. त्याच नियमांनी माझी तंबाखू सुटली. तंबाखूशी झगडताना नियम मला धरून उभा करत होता. दादाच्या वेळी तोच नियम मी पांघरूण म्हणून घेतला. नियम एकच होता. म्हणून आता मी कुठल्याही व्रताला एकच प्रश्न विचारतो. हे पाळल्याने मी ज्याच्यासमोर जायला घाबरतो त्याच्यासमोर जायचे बळ मला येते आहे, की न जायची सोय होते आहे? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. आतून ज्याचे त्याला कळते, मात्र विचारले तर.

आणि मंडळाबाहेरच्या आयुष्यात एक अवघड गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही. लपायला जागा राहत नाही. पूर्वी "आमच्यात चालत नाही" म्हटले की संपायचे. आता जे टाळतो ते मीच टाळतो.

त्याच साली दिवाळीनंतर मी वहिनींकडे गेलो. सगळे सांगितले. विहिरीचेही सांगितले. त्या गवार मोडत होत्या. हात थांबला नाही. मग म्हणाल्या, "नळी घालायच्या आदल्या रात्री ह्यांनी मला विचारलं होतं, 'त्याचं पारायण झालं का?' रागानं विचारलं का काळजीनं, ते मला कळलं नाही, भाऊजी. मी म्हटलं, व्हायचंय अजून."

मलाही ते आजवर कळलेले नाही. विहिरीचे पाणी आता दोन्हीकडे निम्मे निम्मे आहे, पुतण्याने कागद करून घेतला. पण त्याने त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. अठराव्या अध्यायात श्रीगुरू गरीब ब्राह्मणाचा घेवड्याचा वेल उपटतात आणि मुळाशी द्रव्याचा कुंभ निघतो. माझा वेल उपटला गेला तिथे कुंभ सापडला असे मी सांगणार नाही. माती मात्र दिसली. पूर्वी पानांमुळे ती दिसत नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. गावातल्या शाळेत पूरग्रस्त राहायला आले. भाकरी बांधायला गेलो तर शेजारच्या सतरंजीवर काका, ऐंशी उलटलेले, कापऱ्या हातांनी चटणीच्या पुड्या बांधत होते. मी भाकरी मोजून द्यायचो, ते वर पुडी ठेवायचे. दुपारभर तेच चालले. निघताना म्हणाले, "गुरुवारी येत जा." मी "बघतो" म्हटले. गेलो नाही. पण राग तिथे संपला. मला जे ऐकायचे होते तेच त्यांनी सांगितले होते, एवढाच त्यांचा दोष.

दत्तमहाराज काशीला स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात, माहूरला निद्रा करतात, अशी आपली श्रद्धा. जो देव एका जागी राहत नाही, तो एका वहीतून नाव निघाले म्हणून सुटेल, अशी भीती मला आता वाटत नाही. कधी रात्री वाटतेच, नाही असे नाही. मग उठून पाणी पितो.

यंदाही मी घरी सप्ताहाला बसणार आहे. सोवळे जमेल तेवढे, चटई गुडघ्यांना झेपेल तर. एक नियम मात्र कडक. मोबाईल बंद करायचा नाही, पाटाशेजारी ठेवायचा. वाजला आणि कोणाला माझी गरज असली, तर ओवी पुरी करायची, पोथीत खूण घालायची आणि उठायचे. परत आल्यावर तिथून पुढे.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥