शिकाऊ उपचारकाची चूक कोणी भोगावी?

मनाचे दुखणे ऐकणारा नवखा उपचारक चुकला, तर किंमत रुग्ण मोजतो. मग ज्येष्ठाने त्याला किती मोकळे सोडावे? पूर्वी शिष्य आठवून सांगे, ज्येष्ठ ऐके. आणि आठवण तर नेहमी आपल्याच बाजूची साक्ष देते. १९४० साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात आलेल्या कार्ल रॉजर्स यांनी रुग्णांशी झालेली बोलणी तबकड्यांवर मुद्रित करून शिष्यांना ऐकविली. १९४२च्या ग्रंथात त्यांनी एक संपूर्ण उपचार शब्दशः छापला. रुग्णाला कुठे मध्येच तोडले, कुठे उपदेश झाडला, हे शिष्याला स्वतःच्या कानांनी ऐकावे लागे. (आम्हां शिक्षकांचे तास असे कोण ऐकतो?) ही रीत मला न्याय्य वाटते. मात्र रुग्णाची संमती आधी हवी. आणि जीव देण्याची भाषा निघाली, तर ज्येष्ठाने त्याच दिवशी स्वतः पुढे झाले पाहिजे, मग शिष्याला वाईट वाटले तरी चालेल.