भूतकाळ पुसता आला तर?

काळाच्या उलट दिशेने प्रवास करता यावा, ही मानवी मनाची फार जुनी इच्छा आहे. एच. जी. वेल्स यांनी १८९५ साली 'द टाइम मशीन' या कादंबरीत काळप्रवासाला यंत्राचे रूप दिले. त्यांचा प्रवासी मात्र भविष्याकडे गेला. कुमारवयीन वाचकांना भूतकाळाची ओढ अधिक वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. बालपणी सांडलेले दूध आई पुसून टाकते, मोडलेल्या खेळण्याऐवजी नवे मिळते. बाराव्या-तेराव्या वर्षी प्रथमच उमगते, की मित्राला उद्देशून उच्चारलेला जहरी शब्द परत घेता येत नाही. आजोबा निवर्तल्यावर त्यांच्याशी धरलेला अबोला सोडता येत नाही. ज्या वयात ही जाणीव होते, त्याच वयात मागे नेणाऱ्या साहसकथा प्रिय वाटाव्यात, यात नवल नाही.

प्रश्न असा, की भूतकाळ बदलणे शक्य झाले, तर ते इष्ट ठरेल काय?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शक्यतेचा विचार ईश्वराच्या सर्वसमर्थतेच्या संदर्भात केला. जे घडले ते घडलेच नव्हते असे करणे, हे त्या सर्वसमर्थतेतही बसत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यात ईश्वराची दुर्बलता नाही. ती कल्पनाच स्वतःला खोडून काढते.

तर्काची ही अडचण बाजूला ठेवली, तरी नीतीची अडचण उरते. समजा, एका मुलाने मित्रावर चोरीचा खोटा आळ घेतला आणि नंतर यंत्रात बसून तो क्षण पुसून टाकला. मित्राचे दुःख टळले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला कोणी काही विचारले नाही. अपराध्याने स्वतःच न्यायाधीश होऊन खटला निकालात काढला. क्षमा मागणे आणि क्षमा करणे, या दोन्ही कृतींना जागाच उरली नाही.

शिवाय, भूतकाळाचा एक धागा ओढला की त्यात गुंफलेले इतरही उसवतात. डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासकार, १७६१ च्या रणात मराठे जिंकले अशा वेगळ्याच इतिहासात जाऊन पोहोचतो. 'द ॲडव्हेंचर' या तिच्या इंग्रजी रूपात तो आपल्या मुलाची चौकशी करतो, तेव्हा त्या नावाचे कोणी तेथे काम करीतच नाही असे त्याला कळते. पानिपत जिंकलेल्या जगात पोटचा मुलगा सापडत नाही! दुःखद इतिहास पुसताना, त्याच इतिहासातून जन्मलेली माणसेही आपण पुसतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. जे अन्यायाने मारले गेले, त्यांच्यापुढे क्षमेची भाषा कशी बोलावी? जेन योलेन यांची १९८८ सालची 'द डेव्हिल्स अरिथमेटिक' ही कुमार-कादंबरी याच प्रश्नाला भिडते. वडीलधाऱ्यांच्या आठवणींना कंटाळलेली हॅना ही अमेरिकेतील ज्यू मुलगी, वल्हांडणाच्या भोजनप्रसंगी दार उघडते आणि १९४२ च्या पोलंडमध्ये पोहोचते. पुढे काय होणार हे तिला ठाऊक असते, ती सावधही करते. परंतु मृत्युछावणीचे संकट तिला टाळता येत नाही. अखेरीस रिव्का नावाच्या मैत्रिणीच्या जागी ती स्वतः मरणाकडे चालत जाते. परतल्यावर तिला कळते, की आपली एव्हा आत्या हीच ती रिव्का. इतिहास बदलत नाही. बदलते ती हॅना. ज्या आठवणींचा तिला कंटाळा होता, त्यांची ती आता वारस होते. मृतांना न्याय देण्यास एवढे पुरेसे आहे, असे कोणी म्हणू नये. पण त्यांचे मरण पुसणे आपल्या हाती नाही. त्यांचे विस्मरण होऊ न देणे हाती आहे.

भूतकाळ स्मृतीच्या रूपाने वर्तमानातच वसतो, असे संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या अकराव्या भागात म्हटले आहे. तसे असेल, तर त्याच्याकडे जाण्याची वाट आजच्या दिवसातूनच जाते. मुलांना या कथा अवश्य वाचू द्याव्यात. पुस्तक मिटल्यावर मात्र त्यांना एवढे विचारावे: मागे जाऊन जो शब्द तू बदलला असतास, त्याबद्दल आज संध्याकाळी कोणाच्या घरी जाऊन बोलता येईल?