संहितेत नसलेलं बदक

पोर्की नावाचं एक डुक्कर बंदूक घेऊन शिकारीला निघालेलं असतं. बार उडतो, कुत्रा टिपलेलं बदक आणायला पाण्यात उडी घेतो आणि पुढे सगळं उलटंच होतं. बदकच कुत्र्याला ओढत आणून काठावर टाकतं. पोर्की वैतागून म्हणतो, हे तर संहितेत नव्हतं! बदक त्याची समजूत घालतं: फार मनावर घेऊ नका, मी आपलं एक खुळं बदक आहे. एवढं बोलून ते खिदळत, कोलांट्या मारत पाण्यावरून लांब निघून जातं.

‘पोर्कीज डक हंट’ हा कृष्णधवल लघुपट १७ एप्रिल १९३७ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक टेक्स एव्हरी. पाण्यावरची ती वेडी उधळण रेखाटली बॉब क्लॅम्पेट या तरुण चित्रकाराने. बदकाला तेव्हा नावही नव्हतं. पुढच्या वर्षी एका लघुपटाच्या शीर्षकातच ते आलं: डॅफी डक. डॅफी म्हणजे चक्रम. काळी पिसं, नारिंगी चोच, गळ्याभोवती पांढरं कडं. आज हे बदक म्हटलं की चिडकं, हावरट, दुसऱ्याच्या यशावर जळणारं पात्र आठवतं. पण पहिल्या दिवशी त्याला कशाचीच हाव नव्हती. संहितेचीसुद्धा नाही. मला त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

हे लघुपट करणारी मंडळी वॉर्नर ब्रदर्सच्या आवारातल्या एका पडीक लाकडी बंगलीत बसत. वाळवीने ती इतकी पोखरलेली होती, की तिचं नावच ‘टर्माइट टेरेस’ पडलं. निर्माते लिऑन श्लेसिंगर थोडे बोबडे होते. डॅफीचं थुंकी उडवणारं बोबडं बोलणं म्हणजे साहेबांचीच नक्कल, अशी कथा तिथे सांगितली जाई. नक्कल पडद्यावर गेली तेव्हा सगळे नोकरी जाणार म्हणून श्वास रोखून बसले होते आणि साहेब मात्र खूश, असा तिचा शेवट. आवाज देणारे मेल ब्लँक वेगळंच कारण सांगत. एवढी लांब चोच असल्यावर कोणालाही ‘स’ कसा नीट म्हणता येईल, हा त्यांचा सवाल. मला ब्लँक यांचं कारण जास्त आवडतं. पात्राच्या बोलण्याचं मूळ पात्राच्या तोंडातच असावं.

आपल्या संस्कृत नाटकातला विदूषकही नायकासारखी संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलतो. गो. के. भट यांनी या विदूषकावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय झोपेच्या गुंगीत दागिन्यांची पेटी चोराच्याच हाती देतो. तो घाबरट आहे, कुरकुऱ्या आहे, पण नायक चारुदत्त होण्याची इच्छा त्याच्या मनाला कधी शिवत नाही. नायकाच्या शेजारी उभं राहायचं आणि खायला मिळालं तर बघायचं, एवढ्यावर हजारेक वर्षं या भूमिकेचं भागलं. डॅफीचं भागलं नाही. त्याला नायक व्हायचं होतं. त्याची हानी आणि त्याची थोरवी दोन्ही तिथून सुरू होतात.

१९५० सालच्या ‘द स्कार्लेट पम्परनिकल’मध्ये तो स्टुडिओच्या मालकासमोर उभा आहे. विनोदी कामांनी जीव विटलाय, एखादी गंभीर भूमिका द्या, अशी त्याची विनवणी आणि हातात स्वतः लिहिलेली जाडजूड संहिता. लेखक म्हणून नाव लावलंय ‘डॅफी ड्यूमा डक’. मग तो गोष्ट वाचून दाखवतो आणि आपण ती बघतो. तलवारबाज नायक, संकटातली नायिका, दुष्ट सरदार. नायक प्रत्येक उडीला आपटतो. शेवट काही सुचत नाही, तेव्हा वादळ येतं, धरण फुटतं, ज्वालामुखी भडकतो, खाण्यापिण्याचे भाव आभाळाला भिडतात. एवढ्यानेही मालकाचं समाधान होत नाही म्हटल्यावर लेखकमहाशय स्वतःवर गोळी झाडून घेतात आणि पडल्या पडल्या कुरकुरतात, की हल्ली गोष्ट विकायची तर जीवच द्यावा लागतो. तेरा वर्षांपूर्वी याच बदकाला संहितेची पर्वा नव्हती. आता तो संहिता काखोटीला मारून दारोदार फिरतो आहे.

हे वळण दिलं चक जोन्स या दिग्दर्शकाने आणि मायकेल माल्टीज या लेखकाने. एव्हरीचा डॅफी खुळा होता. जोन्सचा डॅफी शहाणा आहे, आणि शहाणपणानेच तो मरतो. १९५२ सालच्या ‘रॅबिट सीझनिंग’मध्ये शिकारी एल्मर बंदूक रोखून उभा आहे आणि बग्ज बनी हा ससा त्याला शांतपणे विचारतो, मला आत्ता मारणार की घरी नेऊन? डॅफी मध्येच ओरडतो, आत्ताच मार त्याला! ससा म्हणतो, तू मध्ये पडू नकोस, त्याने तुला आत्ता मारायची काही गरज नाही. डॅफी इरेला पेटतो: गरज आहे, मला आत्ताच मारलं पाहिजे! ठो. चोच गर्रकन डोक्यामागे जाते. तो ती हाताने पुढे आणून बसवतो आणि तेच संभाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतो. मध्येच थांबून चूक पकडतो: सर्वनामाचा घोटाळा! ‘तुला’च्या जागी ‘मला’ हवं होतं. अगदी बरोबर. चूक दुरुस्त करून तो विजयी सुरात पुन्हा तेच वाक्य म्हणतो आणि पुन्हा ठो. व्याकरण शिकवताना माझे मास्तर सांगत की सर्वनाम चुकलं तर अर्थाचा अनर्थ होतो. सर्वनाम बरोबर येऊनही अनर्थ होतो, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि मग १९५३ सालचा ‘डक अमक’. सात मिनिटांचा लघुपट. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. भारतात १९९५ साली कार्टून नेटवर्क आलं, त्यानंतर केबलवर मी तो पहिल्यांदा पाहिला आणि पोट धरून हसलो. गेल्या महिन्यात संगणकावर थांबवत थांबवत पाहिला, तेव्हा हसू जरा उशिरा आलं.

डॅफी तलवार परजत येतो, पुढे सरकतो आणि मागचा किल्ला संपतो. कोरा पांढरा पडदा. तो दबक्या आवाजात नेपथ्य मागतो. नेपथ्य येतं, पण शेतावरचं. इथे चित्र थांबवून बघावं. तो चिडतो का? नाही. विंगेत जातो, कपडे बदलतो आणि खांद्यावर कुदळ टाकून गाणं म्हणत परततो. तोवर शेताचं बर्फ झालेलं असतं. पुन्हा आत, पुन्हा कपडे बदलून बाहेर, या वेळी बर्फावर घसरायच्या पट्ट्या पायाला बांधून. आता मागे हवाई बेट. पुन्हा आत. तीन वेळा फसवला गेलेला नट चौथ्यांदाही योग्य वेशात प्रवेश करतो. याला लोक हावरट म्हणतात. मला तर हा एखाद्या जुन्या नाटक मंडळीतला, ताप अंगात असतानाही तिसरी घंटा चुकू न देणारा माणूस वाटतो.

मग खोडरबर येतं आणि त्यालाच पुसून टाकतं. पडद्यावर काहीही नाही, फक्त आवाज: मी कुठे आहे? पुन्हा काढला जातो तेव्हा हातात गिटार, पण आवाज गायब. तार छेडावी तर मशिनगन तडतडते. कुंचला त्याला फुलाच्या डोक्याचा चार पायांचा प्राणी करून टाकतो. फिल्मची चौकट मध्येच अडकते आणि वर एक, खाली एक असे दोन डॅफी एकमेकांशी भांडू लागतात. जोन्स यांचं म्हणणं असं, की नेपथ्य, आवाज, रंग, आकार सगळं काढून घेतलं तरी पात्र ओळखू येतं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. ते खरं आहे. त्या रिकाम्या पडद्यावरचा एकटा बोबडा ‘स’ सांगतो की हा तोच आहे.

शेवटी संतापून तो विचारतो, कोण आहे याच्या मागे, समोर ये! एक पेन्सिल दार काढते आणि त्याच्या तोंडावर लावून घेते. कॅमेरा मागे सरकतो. चित्रफलकापाशी बसलेला असतो बग्ज बनी. हा गौप्यस्फोट लोक गंमत म्हणून घेतात. मला तो क्रूर वाटतो. सूत्रधार अनोळखी असता, देव असता, नियती असती, तर सोसता आलं असतं. सूत्रं हातात होती ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या, त्याच कंपनीत, त्याच पगारपत्रकावर असलेल्याच्या.

जोन्स सांगत, की आपल्याला व्हायचं असतं बग्ज, पण आपण असतो डॅफी. वाक्य चटकदार आहे, म्हणूनच माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही. प्रत्येक नव्या नेपथ्याला साजेसे कपडे घालून येणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. आपण बहुतेक दुसऱ्याच नेपथ्यावर पहिल्यालाच शिव्या देत घरी जातो.

पुढची वर्षं भराभर सरली. १९६३ मध्ये वॉर्नरचा व्यंगपट विभाग बंद झाला. नंतर बाहेरच्या कंपनीने काढलेल्या स्वस्तातल्या लघुपटांत डॅफीला स्पीडी गोन्झालेस या उंदराच्या मागे लावलं गेलं. त्यात तो निव्वळ खलनायक आहे. खुळेपणही नाही, कर्तव्यही नाही.

त्यापेक्षा १९५७ सालचा, फ्रिझ फ्रेलेंग यांचा ‘शो बिझ बग्ज’ आठवावा. थिएटरच्या फलकावर सशाचं नाव मोठं, बदकाचं बारीक. दोघे तोच नाच करतात; टाळ्या सशाला, बदकाला शांतता. तो शिकवलेली कबुतरं आणतो, तर ती खिडकीतून उडून जातात. सगळे उपाय थकल्यावर तो सैतानाच्या वेशात मंचावर येतो. पेट्रोल पितो, वर नायट्रोग्लिसरीन, मग बंदुकीची दारू, मग युरेनियम. अंग चांगलं हलवून घेतो आणि शेवटी पेटती काडी गिळतो. स्फोट. प्रेक्षागृह डोक्यावर घेतं. विंगेतून ससा हरखून सांगतो, लोकांना अजून हवंय! डॅफीचा आत्मा वर वर जात असतो. जाता जाता तो उत्तर देतो: माहीत आहे रे, पण हा खेळ एकदाच करता येतो.